हेंडन ते गशेटफॉल्ड्स: एका रात्रीच्या मालगाडीचं प्रकरण

१६ मार्च १९५९च्या संध्याकाळी लंडनच्या उत्तरेकडच्या हेंडनहून एक मालगाडी सुटली. तिच्यावर कंटेनर सोडून दुसरं काहीही नव्हतं. वाटेत ती कुठल्याच यार्डात तुटणार नव्हती. मध्येच चार डबे काढा, सहा जोडा, असला प्रकार तिच्या नशिबी नव्हता. पहाटे पाचच्या सुमारास ती ग्लासगोच्या दक्षिण भागात, गशेटफॉल्ड्सच्या मालधक्क्याला लागायची. अंतर साधारण चारशे मैल, वेळ दहा तासांच्या आसपास. तशीच एक गाडी रोज रात्री ग्लासगोहून लंडनकडे निघायची. सेवेचं नाव 'काँडोर'. तसं हे अँडीज पर्वतातल्या मोठ्या गिधाडाचं नाव, पण इथे ते 'कंटेनर' आणि 'डोअर टू डोअर' या शब्दांच्या तुकड्यांतून जुळवलेलं.

माल वाहतुकीच्या धंद्यात असलेल्या कुणालाही कंटेनर कुणी आणला असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं. अमेरिकेतला ट्रकवाला माल्कम मॅक्लीन, २६ एप्रिल १९५६, 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या, न्यूअर्क ते ह्यूस्टन. समुद्रापुरतं ते खरंच आहे. पण त्या दिवशी ब्रिटनच्या रुळांवर कंटेनर तीस वर्षं जुने होते आणि हजारोंच्या संख्येने फिरत होते. दारातून दारात माल पोचवण्याचं आश्वासनही तितकंच जुनं होतं. तरीही त्या तीस वर्षांत रेल्वेचा किमती माल ट्रककडे जातच राहिला. पेटी हाताशी असून धंदा का सुटत होता, आणि एका गाडीने त्यात नेमकं काय बदललं, एवढ्यापुरतं हे प्रकरण मी इथे मांडतो आहे.

पेटी जुनीच होती

मूळ कल्पना तर रेल्वेच्याही आधीची. मँचेस्टरजवळच्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा १७६०च्या दशकात कालव्यातून होडीने जायचा. होडीत लाकडी खोकी ओळीने ठेवलेली असत आणि पोचल्यावर कोळसा न उपसता खोकंच उचलून घेत. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवरही १८३०च्या दशकात कोळशाच्या सुट्या पेट्या वाघिणीवरून, म्हणजे मालाच्या डब्यावरून, घोडागाडीवर जात.

पण सरसकट वापर सुरू झाला तो १९२०च्या दशकात, आणि तोही गरजेपोटी. पहिलं महायुद्ध संपलं तसे लष्कराचे हजारो ट्रक स्वस्तात विकायला निघाले. ते चालवायला शिकलेले सैनिकही घरी परतले होते. गावोगावी छोटे वाहतूकदार उभे राहिले. त्यांचा ट्रक दुकानाच्या दारात उभा राहायचा. रेल्वेने माल पाठवायचा, तर तो आधी घोडागाडीवर चढवा, मालधक्क्यावर उतरवा, वाघिणीत रचा, पलीकडे परत उतरवा, परत गाडीवर चढवा आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या दारात उतरवा. दर वेळी हमाली, आणि दर वेळी काहीतरी फुटायचं नाहीतर गायब व्हायचं. १९२३च्या एकत्रीकरणानंतर उरलेल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्यांनी यावर उतारा म्हणून कंटेनर काढले. रेल्वे क्लिअरिंग हाउस ही या कंपन्यांची सामाईक संस्था. तिने पेट्यांची मापं आणि प्रकार सर्वांसाठी सारखे ठरवून दिले. त्यामुळे एका कंपनीची पेटी दुसरीच्या वाघिणीवर बिनदिक्कत बसायची.

या पेट्यांच्या अंगावरची अक्षरं वाचायला शिकलं की सगळा बाजार समोर उभा राहतो. 'ए' म्हणजे लहान बंद पेटी, तीन-चार टनांची. 'बी' म्हणजे मोठी. 'बीडी' ही त्यातली सगळ्यात कामाची, कारण तिला शेवटाला आणि दोन्ही बाजूंनाही दारं होती. 'बीएम' मांसाची, हवा खेळती ठेवणाऱ्या झडपांची. स्कॉटलंडमधला मांसाचा माल लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात यायचा तो अशा पेट्यांतून. 'एएफ' आणि 'एफएम' या थंड मालासाठी, भिंतींत उष्णतारोधक थर घातलेल्या. त्या पांढऱ्या रंगवत, म्हणजे ऊन कमी शोषलं जाईल. शिवाय 'बीके', घरसामानाची पेटी.

'बीके'पाशी जरा थांबतो, कारण एवढ्या एका पेटीत कंटेनरचं सगळं शहाणपण दिसतं. बदली झालेल्या माणसाच्या घरासमोर ही पेटी गाडीवर घालून आणत. कपाटं, पलंग, आरसे, काचेची भांडी घरातली माणसं बघत असताना आत रचली जात, मध्ये पोती-गाद्या कोंबल्या जात आणि दार बंद होई. ते दार परत उघडायचं ते नव्या घरासमोरच. मधल्या दीड-दोनशे मैलांत पेटी क्रेनने उचलली, वाघिणीवर ठेवली, परत उचलली, तरी आतल्या आरशाला कुणाचा हात लागला नाही. घर हलवलेल्या कुणालाही यातला दिलासा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दाराशी येणारी गाडी सुरुवातीला घोड्याची होती. १९३०च्या दशकात तिची जागा स्कॅमेल कंपनीच्या 'मेकॅनिकल हॉर्स'ने घेतली. पुढे एकच चाक असलेला हा तीनचाकी ट्रॅक्टर घोड्यासारखा जागच्या जागी वळायचा. अरुंद बोळ आणि जुने मालधक्के घोडागाडीच्या हिशोबाने बांधलेले होते. ते पाडण्यापेक्षा त्यांना बेतेल असं वाहन बनवणं रेल्वेने पसंत केलं.

पेट्या वाहणाऱ्या सपाट वाघिणीचं नाव 'कॉनफ्लॅट'. हे तारायंत्राचं सांकेतिक नाव. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून लांबलचक वर्णनाऐवजी एक शब्द ठरवून घेतलेला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तर या नावांचं प्राणिसंग्रहालयच केलं होतं. बंद डबा 'मिंक', गार्डचा ब्रेकडबा 'टोड' म्हणजे भेक, अवजड यंत्रं वाहणारी खोलगट वाघीण 'क्रोकोडाइल'. आपण मराठीत 'वॅगन'ची 'वाघीण' केली, तेव्हा त्या तारमास्तरांचं आणि आपलं कुठेतरी जुळलं असं मला मनापासून वाटतं.

नेहमीची 'कॉनफ्लॅट ए' म्हणजे चार चाकांवरची साधी चौकट. तिच्यावर एक 'बी' बसायची किंवा दोन 'ए'. पेटीच्या तळाच्या कोपऱ्यांना लोखंडी कड्या असत, वाघिणीला साखळ्या. माणसाने खाली वाकून साखळी कडीत अडकवायची आणि फिरकीच्या मळसूत्राने ताणून घट्ट करायची. एक कोपरा झाला की दुसरा. वरच्या बाजूला उचलण्यासाठी आणखी चार कड्या. क्रेनचे चार साखळदंड त्यांत अडकवायला कुणीतरी पेटीच्या छपरावर चढायचं. पाऊस असो, रात्र असो, छपरावरचा माणूस, क्रेनवाला आणि खालचे साखळीवाले यांचा मेळ बसला तरच पेटी हलायची. आज उरणच्या रस्त्यावर ट्रेलरचा ड्रायव्हर चार कोपऱ्यांचे खटके फिरवून दोन मिनिटांत चहाच्या टपरीकडे वळतो. ते बघताना मला हा छपरावर चढलेला माणूस आठवतो.

मग अडत कुठे होतं?

पेटी चांगली होती आणि वाघीणही कामापुरती ठीक होती. अडचण होती या दोन्ही ज्या गाडीला जोडल्या जात तिच्यात.

१९४८ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या पदरात बारा लाखांच्या आसपास वाघिणी पडल्या. त्यातल्या पाच लाखांहून अधिक खासगी मालकांच्या, मुख्यतः कोळशाच्या, आणि बऱ्याच म्हाताऱ्या झालेल्या. बहुतेकींना गाडीभर लागणारा ब्रेक नव्हता. तीन कड्यांच्या सैल साखळीने एकीला दुसरी जोडलेली. ब्रेक दोनच ठिकाणी, पुढे इंजिनाला आणि सगळ्यात मागे गार्डच्या डब्याला. इंजिनाने जोर लावला की पन्नास साखळ्या एकामागोमाग ताणल्या जात आणि ब्रेक लावला की बफर एकमेकांवर आदळत मागपर्यंत जात. कुशल गार्ड आपल्या डब्याचा ब्रेक कमीजास्त करत साखळ्या ताणलेल्या ठेवायचा. नाहीतर झटक्याने साखळी तुटायची. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून एकेका वाघिणीचा हातब्रेक काठीने दाबून बसवत आणि खाली पोचल्यावर परत थांबून तो सोडवत. अशी गाडी ताशी पंचवीस-तीस मैलांच्या वर नेणं धोक्याचंच. मागून एक्सप्रेस आली की ती बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहणार.

'कॉनफ्लॅट'ला व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे इंजिनातून गाडीभर लागणारा ब्रेक, असायचा. त्यामुळे ती स्वतः वेगाने धावू शकत होती. पण एकटी वाघीण धावत नाही. बिनब्रेकच्या गाडीत जोडली की तीही त्यांच्याच चालीने चालणार. जलद मालगाड्या होत्याही, पण पेटी बऱ्याचदा एका यार्डापर्यंत एका गाडीने जायची, तिथे सुटायची, शंटिंगची वाट बघायची, दुसऱ्या गाडीला लागायची, पुढच्या यार्डात हाच प्रकार परत. शंटिंगमध्ये बसणारे धक्के वेगळेच; पोती कोंबून जपलेल्या आरशाची खरी परीक्षा तिथे व्हायची.

ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष बीचिंग यांचा १९६३चा अहवाल बंद झालेल्या स्थानकांसाठी आजही शिव्या खातो, पण त्यात या दुखण्याचा नेमका आकडा आहे. एका भरणीपासून दुसऱ्या भरणीपर्यंत वाघिणीला सरासरी जवळपास बारा कामाचे दिवस लागत. त्यातला माल घेऊन केलेला प्रवास दीड-दोन दिवसांचा. बाकीचे दहा दिवस ती कुठेतरी उभी. व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर याहून वाईट गोष्ट म्हणजे अनिश्चितता. माल तिसऱ्या दिवशी पोचेल की सहाव्या, हे सांगू शकणारं कुणी नव्हतं. उशीर माणूस सोसतो, त्याप्रमाणे साठा जास्त ठेवतो. पण 'कधी येईल सांगता येत नाही' या उत्तरावर दुकान चालत नाही.

त्यात १९५५च्या मे-जूनमध्ये इंजिन ड्रायव्हरांचा सतरा दिवसांचा संप झाला. त्या अडीच आठवड्यांत ज्यांनी नाइलाजाने ट्रक लावले, त्यातले बरेच परत रेल्वेकडे वळले नाहीत. त्याच वर्षी १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली होती. सगळ्या वाघिणींना ब्रेक बसवणं त्यात होतं, आणि मोठमोठी नवी शंटिंग यार्डंही. माझ्या मते घोटाळा इथेच झाला. वाघिणी यार्डात अडकतात म्हणून आणखी चांगली यार्डं बांधा, असा तो विचार. यार्डच नको, असं म्हणून बघायला छोटा प्रयोग लागतो. तो प्रयोग म्हणजे काँडोर.

प्रयोगाची घडण

काँडोरसाठी पेटी नवी बनवली नाही. त्याच 'ए' आणि 'बी' वर्गाच्या लाकडी पेट्या, त्याच साखळ्या. वाघीण मात्र बदलली. 'कॉनफ्लॅट पी' ही नेहमीपेक्षा लांब चौकटीची चारचाकी, एक मोठी आणि एक लहान अशा दोन पेट्या घेणारी. तिच्या चाकांना रोलर बेअरिंग होती.

या बेअरिंगचं महत्त्व रुळावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. जुन्या वाघिणीच्या आसाचं टोक तेलाने किंवा ग्रीसने भरलेल्या डब्यात फिरायचं. तेल आटलं, कचरा गेला किंवा वेग जरा जास्त झाला की डबा तापायचा, धूर यायचा, कधी आसच मोडायचा. त्यामुळे ठरावीक मैलांनंतर गाडी थांबवून प्रत्येक डब्याला हात लावून बघावा लागे. रोलर बेअरिंगने ही भीती जवळपास संपवली. म्हणजे रात्रभर न थांबता वेगाने धावायची परवानगी एका छोट्या पोलादी कड्याने दिली. गाडीभर ब्रेक आणि रोलर बेअरिंग, या दोन गोष्टी नसत्या तर काँडोरचं वेळापत्रक कागदावरच राहिलं असतं.

भरलेली गाडी २७ वाघिणींची. तिचा मार्ग सेटल-कार्लाइलच्या डोंगरी रेषेवरून जायचा. सेटलपासून सोळाएक मैल साधारण शंभराला एकचा चढ आणि पुढे एस गिलचा ११६९ फुटांचा माथा. आपल्या बोरघाटाच्या सदतिसाला एक चढापुढे हा आकडा सौम्य दिसेल. पण कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, आणि इथे मागून कुणी ढकलायला नाही. गाडी आपल्याच दमावर मध्यरात्री हा डोंगर चढून, वेळ न गमावता उतरायची. उतारावर हातब्रेक दाबायला थांबायचं नाही, हे तर गाडीभर ब्रेक असल्यामुळेच शक्य होतं.

दुसरा बदल कागदावरचा होता आणि तो मला वाघिणीइतकाच मोठा वाटतो. रेल्वेचे दर शतकभर मालाच्या जातीवर ठरत आले होते. कापडाला एक दर, भांड्यांना दुसरा, यंत्राला तिसरा, आणि त्यांच्या याद्या जाडजूड ग्रंथांत. काँडोरचा दर पेटीवर होता. मोठी पेटी की लहान, एवढंच विचारायचं. आत काय आहे याच्याशी दराचा संबंध नाही आणि दारातून उचलणं, दारात पोचवणं त्यातच धरलेलं. कारखान्याच्या बाबूला फोनवर एका वाक्यात उत्तर मिळत होतं: इतके पैसे, उद्या सकाळी. ट्रकवाला हेच उत्तर देत होता म्हणून तो जिंकत होता.

प्रयोगाला वेळही जेमतेम साधली होती. लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एम-१ मोटरवेचा पहिला मोठा टप्पा २ नोव्हेंबर १९५९ला खुला झाला. काँडोर त्याच्या फक्त साडेसात महिने आधी धावू लागली.

इंजिनाने घातलेला खोडा

काँडोरला दिलेली इंजिनं नवीकोरी होती. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची डिझेल, अशी एकूण वीसच बनली. प्रत्येक १२०० अश्वशक्तीचं, त्यामुळे भरलेल्या गाडीला दोन एकत्र जोडावी लागत. त्यांची ओळख म्हणजे खालची चाकं. एका टोकाच्या बोगीला तीन आस, दुसऱ्या टोकाच्या बोगीला दोन. म्हणून त्यांना 'को-बो' म्हणत. आत क्रॉस्लीचं दोन-स्ट्रोक इंजिन, आणि ते वारंवार बंद पडायचं. पुढच्या गोलाकार काचाही धावत्या गाडीत निखळत.

इंजिन बसलं की वाफेचं इंजिन लावायचं, असा प्रसंग वरचेवर यायचा. १९६१मध्ये सगळी 'को-बो' दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेली. तिथून आल्यावर त्यांना वायव्येकडच्या किनारी भागात हलक्या कामावर पाठवलं गेलं आणि काँडोर दुसऱ्या बनावटीच्या डिझेल इंजिनांकडे गेली. १९६८पर्यंत ही सगळी सेवेतून निघाली.

प्रकरण अभ्यासात इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. प्रयोगाचा सगळा भरवसा वेळेवर पोचण्याचा, आणि त्याला सगळ्यात कमी आजमावलेलं इंजिन का जोडलं? त्या काळी आधुनिकीकरणाच्या घाईत डझनभर कंपन्यांकडून डिझेल इंजिनं मागवली गेली होती, पुरेशी चाचणी न करता. जे हाताशी आलं ते कामाला लावलं गेलं. मला यात मोठी चूक दिसते. गिऱ्हाईक नव्या सेवेला पहिल्या काही आठवड्यांत जोखतो. त्या आठवड्यांत काँडोरच्या यशाचं ओझं तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या भागावर होतं. तरीही सेवा टिकली. यावरून बाकीची रचना किती भक्कम होती ते कळतं. इंजिन बदललं, तेव्हा सेवेतलं दुसरं काहीच बदलावं लागलं नाही.

काय सिद्ध झालं, काय राहिलं

१९६३च्या सुरुवातीला बर्मिंगहॅम आणि ग्लासगो अशी दुसरी काँडोर निघाली. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये बीचिंग अहवाल आला आणि त्यात 'लायनर ट्रेन'चा आराखडा होता: ठरलेल्या दोन ठिकाणांमध्ये, न तुटणाऱ्या, फक्त कंटेनर वाहणाऱ्या जलद गाड्या. चार वर्षं रोज रात्री हेंडनहून सुटणारी गाडी ज्याने बघितली असेल, त्याला हा आराखडा ओळखीचा वाटला असणार.

पण काँडोर आहे तशीच वाढवून भागणार नव्हतं. पेटी आणि वाघीण यांचं स्वतःचंच वजन आतल्या चार-पाच टन मालाहून जास्त. लाकडी पेटीची उंची-रुंदी जुन्या मालधक्क्यांच्या मापाची. चढवा-उतरवीला तीच क्रेन, तेच साखळदंड, तोच छपरावरचा माणूस. दोन गावांमध्ये रोज एक गाडी असेल तर हे निभतं. रोज पन्नास गाड्या काढायच्या तर मालधक्क्यावरच गाडी अडकेल. एवढी जलद गाडी काढून तिचे तास साखळ्या ताणण्यात घालवायचे, असं झालं असतं. आधी नव्या गाडीवर जुन्या पेट्या घालून बघितलं ते मात्र मला शहाणपणाचं वाटतं. खर्च कमी झाला, आणि फरक गाडीमुळे पडला की पेटीमुळे, हे स्वच्छ वेगळं काढता आलं.

'लायनर ट्रेन'च्या आराखड्यातून फ्रेटलायनर ही सेवा उभी राहिली. १५ नोव्हेंबर १९६५ला तिची पहिली गाडी लंडनच्या यॉर्क वेहून निघाली, ती गशेटफॉल्ड्सलाच. यावेळी सगळंच नवं होतं. लांब, बुटक्या बोगींच्या वाघिणी, पाच-पाचच्या कायम जोडलेल्या संचात. हवेचा ब्रेक, ताशी ७५ मैल. आठ फूट रुंद धातूच्या पेट्या, कोपऱ्यांवर खटके, वरून फिरणारी क्रेन. साखळी गेली आणि छपरावरचा माणूस खाली आला. काँडोरचं काम संपलं आणि ती बंद झाली.

वाघिणीचा फलाट, म्हणजे पेटी बसते तो तळ, खाली ठेवण्यामागे ब्रिटनची कायमची अडचण होती. तिथले बोगदे आणि पूल पहिल्या पिढीचे, म्हणून लहान. वाघिणीचा फलाट जितका वर, तितकी पेटी ठेंगणी हवी. ही अडचण पुढेही सुटली नाही. साडेनऊ फुटी उंच कंटेनर जगभर रूढ झाल्यावर साउथॅम्प्टन बंदराकडून मिडलंड्सला जाणाऱ्या मार्गावरचे पूल-बोगदे त्यांच्यासाठी मोठे करावे लागले. ते काम पुरं झालं २०११ला.

फ्रेटलायनरची खरी अडवणूक झाली ती फाटकावर. बीचिंगच्या हिशोबात खासगी ट्रकवाल्यांनीही आपल्या पेट्या थेट टर्मिनलवर आणायच्या होत्या. रेल्वे कामगारांच्या संघटनेने याला ठाम विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दारातून माल आणण्याचं काम रेल्वेच्या ड्रायव्हरांचं, ते बाहेरच्याला दिलं तर आमची माणसं जाणार. ही भीती खोटी नव्हती आणि तिला नुसता अडेलतट्टूपणा म्हणणं अन्यायाचं आहे. पण रेल्वेच्या स्वतःच्या ट्रकांपुरत्या मालावर रोजच्या इतक्या गाड्या भरल्या नसत्या. वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्या काळात बोलणी होत राहिली आणि १९६७मध्ये फाटक उघडलं. काँडोरच्या सहा वर्षांत हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता, कारण तेव्हा सगळा माल रेल्वेच्याच गाड्यांनी यायचा. छोट्या प्रयोगात जी अडचण दिसत नाही, ती मोठ्या कामात कुठून येते याचा हा नमुना आहे.

पुढे १९६८च्या कायद्याने फ्रेटलायनर वेगळी कंपनी झाली आणि रस्ता व रेल्वे मिळून बनलेल्या राष्ट्रीय महामंडळाकडे गेली.

आपल्याकडे भारतीय रेल्वेने देशांतर्गत कंटेनर १९६६ला सुरू केले, मुंबई-अहमदाबाद मार्गावर. त्याही पेट्या चार-पाच टनांच्याच होत्या. रेल्वेवरच्या कंटेनरला आजचं रूप आलं ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना आणि न्हावा-शेवा बंदर यांच्याबरोबर. कोकण रेल्वेने मात्र १९९९ला वेगळीच वाट धरली. कोलाडहून वेर्ण्याला वाघिणीवर आख्खा ट्रकच चढतो, ड्रायव्हर-क्लीनरसकट. क्रेन नको, पेटी नको, साखळ्यांनी चाकं बांधली की झालं. ट्रकची चाकं आणि इंजिन हे मेलेलं वजन फुकट वाहून न्यावं लागतं. पण मालधक्का उभारायचा खर्च जवळपास शून्य आणि ट्रकवाला प्रतिस्पर्धी न राहता गिऱ्हाईक होतो. गशेटफॉल्ड्सच्या फाटकावर जो प्रश्न दोन वर्षं अडला, तो कोलाडच्या रॅम्पवर उपस्थितच होत नाही.

वीस 'को-बो'पैकी एकच वाचलं, डी ५७०५. मोडीत निघण्याऐवजी ते डर्बीच्या संशोधन केंद्राकडे चाचण्यांसाठी गेलं, नंतर थंडीत उभे डबे गरम ठेवण्याच्या कामाला लागलं, आणि तिथून रेल्वेप्रेमींनी त्याला सोडवून आणलं. पेट्यांच्या वाट्याला शेतं आली. क्रेनच्या कड्या कापून लाकडी 'बीडी' पेट्या स्वस्तात विकल्या गेल्या, आणि शेतकऱ्यांनी त्या कुंपणाजवळ ठोकळ्यांवर ठेवून आत पेंढा भरला, कोंबड्या पाळल्या. बाजूची दारं इथेही कामाला आली. एकातून पेंढा आत टाकायचा, दुसऱ्यातून काढायचा.